फिल्मच्या डबीतल्या गोळ्या

रक्तदाबाची गोळी आता मलाही लागते. सकाळी ती तळहातावर घेतली की मी आधी उलटसुलट करून बघतो, मग तोंडात टाकतो. बायको म्हणते, "अहो, कंपनीनं केलीय ती. पंचनामा झाला असेल तर गिळा आता." ती हसते. मला हसू येत नाही. पेणचे ते प्रकरण मी स्वतः हाताळले आहे आणि त्यातला एकही तपशील अजून पुसट झालेला नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. पेणला मी फौजदार होतो. माझे वडील खाडीकाठच्या मिठागरावर राबले. आमच्या सबंध कुळात बी.ए. झालेला मी पहिला. शिपाई म्हणून भरती झालो, नोकरी सांभाळून अभ्यास केला आणि खात्याची परीक्षा देऊन खांद्यावर दोन तारे लावले. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण अभिमानाच्या मुळाशी दुसरे एक तण वाढत असते, ते तेव्हा मला दिसत नव्हते.

अलिबागला गुन्हे शाखेत एक तरुण अधिकारी नवीन आला होता. पुण्यात शिकलेला, थेट भरतीचा, इंग्रजी फाडफाड. आमच्या हद्दीत शेतीपंप चोरणारी टोळी मी तीन आठवडे गावोगाव मोटारसायकल फिरवून शोधून काढली. शेवटच्या दिवशी हा जीप घेऊन आला आणि आरोपी घेऊन गेला. आढावा बैठकीत अधीक्षकसाहेब म्हणाले, "उत्तम तपास," आणि बघितले त्याच्याकडे. तोही काही बोलला नाही, नुसता मान तुकवून बसला. मी मांडीवरच्या फाइलची नाडी सोडत आणि बांधत राहिलो. परत येताना हवालदाराला मागे बसवून वडखळपर्यंत मोटारसायकल भरधाव हाणली.

हे आधी सांगतो याला कारण आहे. पुढच्या तपासात माझी जी चूक झाली ती या बैठकीतून आली, आणि जे साधले तेही तिथूनच आले.

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळची हजेरी चालू असताना, एका दवाखान्यातून लेखी खबर आली. गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्याचे मालक अर्धांगाच्या झटक्याने दाखल, रोजच्या गोळ्या संशयास्पद. नावे मी सांगणार नाही. म्हाताऱ्याला सगळे अण्णा म्हणत, तेवढे पुरे.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक कॅमेऱ्याच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी, करड्या झाकणाची. आणि एक पाण्याचा ग्लास, तळाशी एक पांढरी गोळी.

"मी घरच्यांना म्हटलं, रोजची औषधं घेऊन या. त्यांनी ही डबी आणली," डॉक्टर म्हणाले. "त्यातली एक पाण्यात टाकून पाऊण तास झाला. खरी गोळी कधीच विरघळून गेली असती. ही बसलीय मजेत. ही गोळीच नाही. प्लास्टर आहे."

मी विचारले, खरी गोळी काय करते? त्यांनी समजेल असे सांगितले. रक्तवाहिनीच्या भिंतीला स्नायू असतात. त्यांत कॅल्शियम शिरले की ते आवळतात, नळी अरुंद होते, दाब वाढतो. ही गोळी कॅल्शियमची आत शिरायची दारे अडवते. नळी सैल पडते, दाब उतरतो. आधी अण्णांना याच जातीची जुनी औषधे दिवसातून तीनदा घ्यावी लागत. कामाच्या नादात ती राहून जात. म्हणून वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी तेव्हा नवीनच आलेली, दिवसातून एकदा घ्यायची गोळी दिली होती.

"आणि प्लास्टर म्हणजे काय ठाऊक आहे ना फौजदारसाहेब? कॅल्शियमच. ज्याला अडवायचं तेच म्हातारा गिळत होता. त्यानं पोटात फार काही बिघडलं नसेल. पण गोळी बंद झाली, दाब चढत गेला आणि परवा सकाळी ब्रश हातातून खाली पडला."

उजवी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती. पेणमध्ये ज्याच्या उजव्या हाताचे नाव होते त्याचा उजवा हात चादरीवर नुसता पडला होता.

बाहेरच्या बाकावर अण्णांची लेक बसली होती. पेणमध्येच दिलेली, दोन आळ्या सोडून. मला बघताच उठली.

"साहेब, दुसरं कोण नाय. वयनीच हाय."

"हळू बोल गो बाय, दवाखाना आहे," हवालदार म्हणाला.

"हळू कशाला? डबी तीच भरते, गोळ्या तीच मोजते. आम्ही लेकी परक्या. आन रोह्याची ती कालची आलेली आखणी शिकतेय! मी ल्हान असताना ब्रशाला हात लावला तर बाबांनी पट्टीनं मारलं व्हतं मला."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. कारखान्यात माती मळणारे वेगळे, साच्यात दाबणारे वेगळे, घासणारे वेगळे, अंगाचा रंग देणारे वेगळे. पण अण्णांच्या कारखान्यात डोळे एकच हात काढायचा, अण्णांचा. डोळे होईपर्यंत मूर्तीच्या अंगावर कोणी सदरा वाळत टाकला तरी चालायचे. डोळे झाले की तिच्यासमोरून चपला घालून जायचे नाही. गेल्या वर्षापासून अण्णा ती आखणी सुनेला शिकवू लागले होते.

"कारखान्यात प्लास्टर, साचे, सगळं आहे. टीप चांगली हाय साहेब," हवालदार जिना उतरताना म्हणाला. मलाही तसेच वाटले.

डबी पंचांसमक्ष ताब्यात घेतली. ग्लासातली धरून अकरा गोळ्या. दोन पंचांपैकी एक दुसऱ्या कारखान्याचा जुना कारागीर होता. कागदावर मांडलेल्या गोळ्यांवर तो वाकला आणि म्हणाला, "साहेब, लिहून घ्या. सगळ्यांच्या काठाला टवका हाय, आन तो एकाच जागी हाय. एका साच्यातल्या हायत ह्या." मी लिहून घेतले.

अण्णांचा मुलगा रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता. औषधांच्या बिलांचे पैसे कंपनी देई, म्हणून गोळ्या रोह्याच्या दुकानातून यायच्या. म्हणजे रीतीप्रमाणे मी आधी रोह्याला जाऊन दुकान तपासायला हवे होते. मी गेलो नाही. का, ते आज लिहितो. दुकानातून बनावट औषध निघाले असते तर प्रकरण जिल्ह्याचे झाले असते आणि अलिबागचे साहेब जीप घेऊन आले असते. सून निघाली तर गुन्हा पेणमध्ये सुरू होऊन पेणमध्येच संपणार होता. माझ्या हातात राहणार होता. मला सूनच हवी होती.

तिला ठाण्यात बोलावले. सव्विशीतली बाई, नखांत निळा रंग. महिला शिपाई शेजारी बसवून जबाब सुरू केला.

"डबी कोण भरतं?"

"मीच."

"पाकिटातून काढून डबीत कशाला भरायच्या?"

"अण्णांचे हात दिवसभर ओले, मातीचे. पाकिटाची चांदी फाटत नाय त्यांना. एकदा दातानं फाडायला गेले तर चांदीच गिळली. तवापास्नं मी महिन्याच्या काढून ठेवते. रेडिओजवळ फळीवर डबी असते. नऊच्या चहाबरोबर घेतात."

"तू मधे माहेरी होतीस?"

"व्हय. अठरा दिस. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हतं. अण्णा पडल्याचं कळलं तशी आले."

"मग या वेळची डबी कोणी भरली?"

ती थांबली. फार नाही, पाण्याचा घोट गिळायला लागतो तेवढी.

"मीच. भरूनच गेले व्हते."

ते थांबणे मी टिपले आणि त्याचा उलटा अर्थ लावला.

दोन दिवस तिला ठाण्यात बसवले. बाईमाणूस म्हणून दिवेलागणीच्या आत घरी सोडायचो, सकाळी परत बोलवायचो. अंगाला बोट लावले नाही. पण आमच्या ठाण्याचा बाक दारासमोर होता आणि दारासमोर बाजाराचा रस्ता. अर्धे पेण त्या रस्त्याने भाजी आणायला जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःहून बोलली.

"साहेब, काय ते एकदाच करा. काल घरी गेले तर नणंदेनं गॅसला हात लावू दिला नाय. माझी पोर माझ्या ताटात जेवते, तिला उचलून नेलं. नवरा म्हणतो, काय ते खरं सांग. सात वर्षं संसार केलेला माणूस मला म्हणतो, खरं सांग. तुम्ही अटक केलीत तर ती पोर मला परत दिसायची नाय, एवढं लक्षात ठेवून सही करा."

अटकेचे कागद माझ्यासमोर तयार होते. पेनचे टोपण काढले होते. तेव्हा हवालदार आत आला, दार लोटून घेतले आणि म्हणाला, "साहेब, रोह्याला जाऊन येऊ. दुकान बघितलं नाय तर वकील पयलं तेच विचारील. मंग अलिबागवाले हसतील आपल्याला."

शेवटचे वाक्य त्याने मुद्दाम टाकले होते. मला ओळखून होता. मी टोपण लावले.

रोह्याचे दुकान चोख निघाले. औषध निरीक्षकांना बरोबर घेतले होते. त्यांनी पाकिटे तपासली, नमुने घेतले, माल खरा असल्याचे सांगितले. निघताना दुकानदार म्हणाला, "तुम्ही त्या बाईंना धरलंय म्हणतात. त्या वेळच्या गोळ्या घेतल्या तेव्हा त्या इथंच होत्या की. आईच्या डोळ्यात घालायचे थेंब न्यायला आल्या होत्या. नवरा शिफ्ट सुटल्यावर आला. हितं, या काउंटरवर तिनं त्याला गोळ्या दिल्या नि म्हणाली, 'संपत आल्यात, आजच डबीत टाका.' तो पेणच्या गाडीला गेला, त्या माहेरी गेल्या."

म्हणजे ती खोटे बोलली होती. डबी तिने भरलेलीच नव्हती. मग 'मीच' का म्हणाली? मी हवालदाराकडे बघितले. तो म्हणाला, "नवऱ्याला झाकतेय साहेब. पोलीस केस झाली तर कंपनी घरी बसवते."

कंपनीच्या गेटवर मुलाला बाहेर बोलावले. डोक्यावर हेल्मेट, डोळे लाल. दुकानदाराचे बोलणे सांगितले तशी त्याची मान खाली गेली.

"आणल्या मी. पण डबीत मी टाकल्या नाय. नानांकडे दिल्या. म्हटलं तुम्ही तिथंच असता, भरून ठेवा."

"बायको दोन दिवस आमच्या बाकावर बसलीय. तिनं तुझ्यासाठी खोटं सांगितलं. आणि तू तिला विचारतोस, खरं सांग?"

तो हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. खरे सांगायचे तर तो प्रश्न विचारायचा अधिकार मला त्याच्याहून कमी होता.

नाना म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. पन्नाशीचे. सत्तावीस वर्षे अण्णांच्या हाताखाली. साचे सगळे त्यांचे. तीन दिवस दवाखान्यात अण्णांना चमच्याने पेज भरवत होते ते हेच.

पेणला उतरून मी आधी डॉक्टरांकडे गेलो. खोट्या गोळ्या कधीपासून सुरू झाल्या ते सांगता येईल का, म्हणून विचारले. डॉक्टर उठले, अण्णांच्या पायांवरची चादर बाजूला केली.

"हे घोटे बघा. हाडं दिसतात ना? गोळी चालू असताना दिसत नव्हती. या गोळीनं नळ्या सैल पडतात, काही जणांच्या पायाशी पाणी साचतं. अण्णांचे पाय वर्षभर सुजलेले. गोळी थांबली की आठवड्याभरात सूज उतरायला लागते."

अण्णांची लेक उशाशी होती. ती पटकन म्हणाली, "व्हय, उतरली ना! दहा-बारा दिस झाले. बाबा सगळ्या आळीला पाय दाखवत व्हते. म्हणायचे, हत्तीचे पाय माणसाचे झाले. आमाला वाटलं गुण आला."

"म्हणजे तुझी वहिनी घरात होती तोपर्यंत पाय सुजलेले होते," मी म्हटले. "आणि ती गेल्यावर उतरले. म्हणजे वर्षभर ती खरी गोळी देत होती."

लेकीला ते कळायला जरा वेळ लागला. मग तिने चादर ओढून बापाचे पाय झाकले.

नानांना सकाळी बोलावले. धुतलेला लेंगा-सदरा घालून आले, हात जोडून बसले. दोन तास मी सरळ प्रश्न विचारले.

"गोळ्या दिल्या, मी डबीत टाकल्या. खऱ्याच व्हत्या त्या. पुढं कोणी काय केलं मला काय ठाव?"

कारखान्याची झडती घेतली. साचे हजारभर. त्यात गोळीचा साचा शोधणे म्हणजे खाडीत मीठ शोधणे. हाती काही लागले नाही. आणि नुसत्या संशयावर माणूस कोर्टात उभा करता येत नाही.

दुपारी मी खुर्चीत नुसता बसून त्यांच्याकडे बघत होतो. बाहेर बाकावर सून होती; नानांवर पुरावा मिळेपर्यंत तिला मी मोकळे केले नव्हते. आमचा चहावाला तिच्याशी काही बोलला आणि तिने मान हलवली. त्या आवाजासरशी नानांनी तिच्याकडे बघितले. एकच नजर, अर्ध्या क्षणाची. ती नजर मला ओळखीची होती. बैठकीत अधीक्षकसाहेब त्या तरुण अधिकाऱ्याकडे बघत होते तेव्हा मी त्याच्याकडे अशाच नजरेने बघत होतो.

मी गोळ्यांची पुडी आणवली, पांढऱ्या कागदावर मांडली.

"नाना, तुमची चौकशी झाली. आता जाणकार म्हणून जरा बघा. त्या बाईनं काम काय केलंय! मधली रेघ बघा, कशी सरळ. डॉक्टरसुद्धा फसले असते. अण्णांच्या नंतर पेणमध्ये हात असेल तर हिचाच, असं म्हणायला लागलेत सगळे."

नानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अण्णांनी उगाच नाही तिला ब्रश दिला," मी म्हटले.

"तिचा हात?" नाना म्हणाले. आवाज बदलला होता. "साहेब, तिला प्लास्टर कालवता येत नाय. गुठळ्या व्हतात तिच्या. दोनदा साचा फाडून ठेवलान माझा."

"पण हे तर झकास झालंय. हा काठाचा टवका तेवढा राहिला. तो जमला नसेल तिला."

"ऱ्हायला नाय! ठेवलाय तो! सगळी गुळगुळीत केली तर खोटी दिसंल. खऱ्या गोळीला कुठंतरी टवका असतोच. एवढी अक्कल कुठनं आणील ती, रोह्याची..."

आणि थांबले. हवालदाराने लिहिणे थांबवले होते. नानांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, आणि त्यांच्याकडे बघत बसले.

मग सगळी हकीकत बाहेर आली.

"दोन वर्षांमागं अण्णांचा दाब वाढला व्हता. हात कापायला लागला. तवा आठ दिस आखणी माझ्याकडं आली. आठ दिस साहेब. दीडशे गणपतींना मी डोळे दिले. एकही माघारी आला नाय. मंग तीनदा घ्यायची औषधं सुरू झाली, हात थांबला, ब्रश परत घेतलान. बरं, घेतलान तर घेतलान, मालक हाय. पण गेल्या साली ब्रश दिला कोणाला? सत्तावीस वर्षं मी डोळं लावून बसलो आन डोळे हिला? मला एक सीझन पायजे व्हता. ती तयार व्हायच्या आधी. बस. डोकं दुखंल, हात कापंल, ब्रश माझ्याकडं येईल."

"ते मरतील असं वाटलं नाही?"

"मारायचं असतं तर उंदराचं औषध काय कमी हाय कारखान्यात? मी तर नुसतं..." त्यांना शब्द सापडला नाही.

कायद्यालाही तो शब्द पटकन सापडला नाही. विष दिले असते तर कलम सोपे होते. इथे दिले काहीच नव्हते, जे हवे होते ते काढून घेतले होते. सरकारी वकिलांनी बराच विचार करून गंभीर दुखापतीखाली दोषारोप बसवला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण आरोपीने दाखवलेली वस्तू टिकते. नानांनी पंचांसमक्ष साचा काढून दिला. मोदकाच्या साच्यांत ठेवला होता. मूर्तीच्या हातावर ठेवायचे ते इवले मोदक असतात ना, त्यांत. झडतीत तो आमच्या बोटांखालून दोनदा गेला होता.

सुनेला म्हटले, "जा बाई तू. सुटलीस."

ती उठली नाही. "आले तवा सगळ्यांनी पायलं साहेब. जाते ते कोण बघणार?"

मी टोपी घातली. भर दुपारी, बाजारातून, तिच्या बरोबरीने चालत तिच्या घरापर्यंत गेलो. एक-दोघांनी मुद्दाम विचारले, काय साहेब? मी मोठ्याने सांगितले, "हिचा काही दोष नाही. चूक माझी होती." असे वाक्य मी त्याआधी रस्त्यात कधी बोललो नव्हतो. नणंद दारात होती. बाजूला झाली. पोर आतून धावत आली आणि आईच्या कमरेला मिठी मारून राहिली.

गोळ्या प्रयोगशाळेत पाठवण्याआधी अण्णांचा जबाब घेताना त्या त्यांना दाखवल्या. त्यांनी डाव्या हातात एक घेतली, खिडकीकडे धरली, अंगठा फिरवला. जीभ जड होती तरी समजत होते.

"आयुष्यभर हीच धूळ तोंडात गेली. चव वेगळी लागंल कशी?" मग बराच वेळ बघून म्हणाले, "रेघ बरी मारलीय. हात चांगला हाय त्याचा."

"त्याला कधी सांगितलंत का हे?"

अण्णांनी माझ्याकडे असे बघितले की मीच खुळा. "सांगायचं काय त्यात? सत्तावीस वर्षं ठेवला कशाला मंग?"

नानांच्या कोठडीशी जाऊन मी ते शब्द जसेच्या तसे सांगितले. सांगावेत की नाही, याचा विचार केला होता. ते गजांपर्यंत आले. "आणखी काय म्हणाले?" "एवढंच." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

पुढच्या बैठकीत अधीक्षकसाहेबांनी माझ्याकडे बघून तपासाचे कौतुक केले. ज्या क्षणाची मी वाट बघत होतो तो आला. अहवाल वाचला गेला: 'मी रोहा येथे जाऊन दुकानाची तपासणी केली.' मागे दाराशी माझा हवालदार फाइल घेऊन उभा होता. त्या ओळीला त्याने खाली बघितले. मी उठून उभा राहिलो आणि सांगितले की रोह्याला जायचे मला सुचले नव्हते, याला सुचले होते. मी तर चुकीच्या माणसाच्या अटकेवर सही करणार होतो. पुण्याचा तो तरुण अधिकारी माझ्याकडे बघत होता. बैठक सुटल्यावर तो जवळ आला, पंपांच्या तपासाबद्दल काहीतरी म्हणू लागला, अडखळला आणि शेवटी चहा घ्यायला चला एवढेच म्हणाला. मी गेलो.

गणपतीच्या आधी पुरवणी जबाबासाठी कारखान्यात जाणे झाले. अण्णा खाटेवर उशीला टेकून बसले होते. सून समोर पाटावर, एका मूर्तीचा डावा डोळा काढत होती. त्या वर्षी निम्म्या मूर्ती दुसऱ्या कारखान्यांत आखणीला गेल्या होत्या. अण्णांचा आणि नानांचा, असे दोन हात गेले होते आणि तिसऱ्याला तेवढा वेग नव्हता. बोलता बोलता नानांच्या हाताबद्दल अण्णा काय म्हणाले ते मी तिला सांगितले. तिला बरे वाटेल असे मला का वाटले, देव जाणे. तिने ब्रश उचलून धरला.

"मला नाय म्हणाले अजून. एकदाबी नाय."

नानांनी तिला तुरुंगाच्या दारापर्यंत नेले होते. तरी तिला सलले ते हे.

मी खाटेकडे वळलो. "अण्णा, ऐकलंत ना? सांगून टाका. मी जबाबात लिहून घेतो."

अण्णांनी मूर्तीकडे बघितले, बराच वेळ. "अजून शिकतेय ती," म्हणाले.

"बघितलंत?" ती मला म्हणाली आणि परत डोळ्यावर वाकली.

तपासात आम्ही विचारतो, कोणाचे कोणाशी वैर होते, कोणाचा काय फायदा होता. त्या प्रकरणानंतर मी प्रत्येक घरात आणखी एक प्रश्न विचारू लागलो: इथे कोण कोणाच्या एका शब्दासाठी थांबले आहे? पुस्तकात हा प्रश्न नाही. बहुतेक वेळा उत्तरही येत नाही. पण विचारल्यावर कोणीतरी एक जण मान खाली घालतो, आणि पुढे नोकरी संपेपर्यंत मी तपास त्या माणसापासून सुरू केला.